बोलता येईल इतकंच पळा

(सामुदायिक रेडिओवर सोमवारी सकाळी महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

ऐकणाऱ्या सगळ्या आज्ज्या, मावश्या, वहिन्या आणि पोरींनो, तुम्ही आत्ता चुलीपुढं असाल, शेळ्यांमागं असाल, नाहीतर शिलाई मशीनवर बसला असाल. हातातलं काम चालू राहू द्या. मला फक्त कान द्या.

माझी पिठाची गिरणी आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणींचं दळण माझ्याकडंच येतं, त्यामुळं आवाज ओळखला असेल. आज मी दळणाबद्दल बोलणार नाही. वयाच्या ४४ व्या वर्षी मी पळायला लागले, त्याबद्दल बोलणार आहे. मी कुठली स्पर्धा जिंकलेली नाही. शाळेत असतानासुद्धा मी लिंबू-चमच्यात शेवटून दुसरी यायचे. म्हणूनच मला वाटतं, की माझं सांगणं तुमच्या कामाला येईल.

झालं असं. दोन वर्षांपूर्वी गावात आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी केली, ती ६.२ आली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अजून मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर उभ्या आहात." ५.७ च्या खाली असली तर बरी, ६.५ पासून पुढं मधुमेह, आणि मी मधल्या पट्ट्यात.

दुसऱ्या कुणाला हे ऐकून काही वाटलं नसतं. मला माझी आई आठवली. साखरेनं तिच्या पायाचं बधिरपण वाढलं, जखम झालेली कळली नाही, आणि दोन बोटं काढावी लागली. शेवटची चार वर्षं ती अंगणाच्या पलीकडं गेली नाही. माहेरी गेले की ती माझ्या पायांकडं बघायची आणि म्हणायची, "तुझे पाय माझ्यासारखेच आहेत गं." तेव्हा ते कौतुक वाटायचं. शिबिरातून घरी आले आणि त्या रात्री मी पायांवरून हात फिरवत किती तरी वेळ बसले.

मॅडमनी विचारलं होतं, "व्यायाम करता का?" मी म्हणाले, "मॅडम, दहा तास गिरणीत उभी असते." त्या हसल्या. म्हणाल्या, "उभं राहून पाय दुखतात, दम कुठं लागतो? आठवड्यातून काही वेळ तरी दम लागू द्या." जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम करावा, नाहीतर ७५ मिनिटं पळण्यासारखा जोराचा. मी हिशेब केला. ७५ मिनिटं म्हणजे २५ मिनिटांचे तीन दिवस. गिरणी उघडायच्या आधी एवढा वेळ मिळतो. मनात म्हटलं, पळूच.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर गेले, पदर खोचला आणि सुटलेली एसटी पकडायची असावी तशी पळाले. अर्ध्या फेरीत कुशीत कळ आली. तोंडाला पाणी सुटलं. पोटात ढवळलं. घरी येऊन चहासुद्धा गेला नाही. पुढचे दोन दिवस जिना उतरताना भिंत धरावी लागली. झालं, संपलं पळणं.

चार महिन्यांनी दिवाळी झाल्यावर पुन्हा सुरू केलं. या वेळी जिद्दीनं रोज जायचं ठरवलं. आठ दिवसांत दोन्ही नडग्या अशा दुखायला लागल्या, की बोट लावलं तरी कळ यायची. पुन्हा घरी. आता तर खात्रीच पटली, की हे आपल्याला जमणारं नाही, आपलं वय गेलं.

तिसऱ्यांदा गेले ते नुसतं चालायला. मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी असतात. भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, त्याचा सराव त्या करतात. मी चालता चालता मध्येच थोडी पळायचे आणि थांबून कमरेवर हात ठेवून धापा टाकायचे. त्यातली एक जवळ आली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही फार जोरात पळताय."

मी म्हणाले, "अगं, जोरात कसली? गोगलगाय बरी."

ती म्हणाली, "पळताना तुम्हाला माझ्याशी बोलता येतंय का? नाही ना? मग जोरात आहे. बोलता येईल इतकंच पळा. चालणारा माणूस पुढं गेला तरी जाऊ द्या."

मैत्रिणींनो, एवढं एकच वाक्य मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर माझं वर्ष वाचलं असतं. आणि ते मला गिरणीमुळं लगेच पटलं. नवीन पोरगा कामाला ठेवला, की तो घाई करतो. वरून दाणा एकदम सोडतो. मग जातं अडतं, पट्टा घसरतो, पीठ हाताला चटका देईल एवढं गरम येतं. दाणा हळू सोडला, की तीच गिरणी दिवसभर चालते. मी माझ्या शरीरात एकदम पायलीभर दाणा ओतत होते.

असं होण्याचं कारणही नंतर मला समजलं. पळायला लागलं, की दम काही आठवड्यांत वाढतो. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात. पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या तयार व्हायला महिने लागतात. म्हणजे छाती म्हणते, "चल, अजून पळू," आणि नडगी म्हणते, "थांब गं बाई." नवीन माणसाची दुखणी बहुतेक या दोघींच्या भांडणातून येतात. म्हणून रोज पळायचं नाही. एक दिवस पळायचं, एक दिवस सोडायचा. सोडलेल्या दिवशी चाललं तर चालतं. हाड भक्कम होतं ते त्या विश्रांतीच्या दिवशी.

आता मी कसं केलं ते सांगते. जवळ कुणी शाळेतलं पोर असेल, तर त्याला वहीत लिहून घ्यायला सांगा.

आठवड्याला तीन दिवस. सुरुवातीला पाच मिनिटं भरभर चालायचं. मग १ मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं. असं आठ वेळा. झाली २० मिनिटं. शेवटी पाच मिनिटं सावकाश चालायचं. पहिला आठवडा एवढंच. दुसऱ्या आठवड्यात दीड मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. तिसऱ्यात मध्ये मध्ये ३ मिनिटं पळायचं. असं वाढवत वाढवत शेवटी सलग ३० मिनिटं. ही पद्धत जोश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसानं १९९६ मध्ये तयार केली. घरात बसून असलेल्या माणसाला नऊ आठवड्यांत पळतं करायचं, असा तिचा बेत. आज जगभर लाखो लोक तिच्यावरून पळायला शिकलेत.

मला नऊ आठवडे पुरले नाहीत. मला १६ लागले. चौथा आठवडा मी तीनदा केला. त्यात काही बिघडत नाही. एखादा आठवडा जड गेला, की तोच पुन्हा करायचा. शाळेत नापास झालं की वर्ष जातं, इथं आठवडाच जातो, आणि तोही कामाला येतो.

घड्याळ नसलं तरी अडत नाही. उजवा पाय टेकला की एक, असं ७५ पर्यंत मोजलं, की साधारण मिनिट होतं. पावलं लहान टाकायची. टाच लांब पुढं आपटायची नाही, पाय अंगाच्या खालीच पडू द्यायचा. खांदे सैल सोडायचे. मूठ आवळायची नाही, हातात चिमणीचं पिल्लू धरलंय असं समजायचं.

कपड्यांचं विचाराल. बारामतीच्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी शर्यतीत पळाल्या आणि पहिल्या आल्या, हे तुम्ही ऐकलं असेल. नवऱ्याच्या आजारपणाला पैसे हवे होते म्हणून ती माउली पळाली. तिच्यापुढं हात जोडावेत, पण अनवाणी पळण्याची तिच्यावर वेळ आली होती. आपण हौसेनं निघालोय, तर पायात बूट घालू. भारी कंपनीचे नकोत, पण पळायचे असावेत. संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पुढं अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. मी पंजाबी ड्रेस घालते, ओढणी घरी ठेवते. आणि आत घट्ट, रुंद पट्ट्याची, खेळाची बॉडी घ्या. बुटांआधी ती घ्या, असं मी म्हणेन. निम्म्या बायका पळत नाहीत त्या संकोचानं, आणि त्या संकोचावर हा साधा इलाज आहे.

आता जे कुणी मोठ्यानं बोलत नाही ते बोलते. रेडिओवर आपण दिसत नाही, हे बरं आहे.

पळायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी मला थेंब थेंब लघवी झाली. मी इतकी शरमले, की घरी यायला मागची वाट धरली. दोन बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायकांना हे होतं. खोकताना होतं, शिंकताना होतं, पाण्याची घागर उचलताना होतं. आपण ते नशीब म्हणून सोडून देतो. पण ओटीपोटाच्या खालचे स्नायू सैल पडल्यानं हे होतं आणि ते व्यायामानं घट्ट होतात. लघवी रोखताना जिथं आवळतो तिथं आवळायचं, पाच मोजायचे, पूर्ण सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवीला बसल्यावर मात्र हा व्यायाम करायचा नाही. मी दळण मोजताना करते, कुणाला कळतही नाही. तीन महिन्यांत मला फरक पडला. अंग बाहेर आल्यासारखं किंवा खाली जड वाटत असेल, तर मात्र पळू नका, आधी डॉक्टरीणबाईंना दाखवा. बाळंतपणानंतर किमान तीन महिने पळायची घाई नको, आणि नंतरही विचारून सुरू करा.

पाळीत पळावं का? त्रास नसेल तर खुशाल पळा. अंगावरून जास्त जात असेल, तर त्या दिवशी चाला. आणि रक्त तपासून घ्या. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीतच आलंय. रक्त कमी असलं, की पहिल्याच मिनिटाला दम लागतो आणि बाई म्हणते, "माझ्यात दमच नाही." जेवणाबरोबर चहा पिऊ नका, त्यानं जेवणातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा. गोळ्या दिल्या असतील, तर त्या डब्यात पडून राहू देऊ नका.

आणि छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढं अंधारी, असं काही झालं तर तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. बीपी, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी विचारा आणि पळताना जवळ गूळ-साखर ठेवा, साखर एकदम उतरू शकते. अशा बायकांनी घरी आल्यावर तळपायही बघायचे. माझ्या आईनं बघितले असते तर, असं मला रोज वाटतं.

आता लोकांचं. पहिल्या महिन्यात मला विचारलं नाही असं कुणी उरलं नाही. "कुणाच्या मागं लागलीस?" "घरात भांडण झालं का?" आमचे हे काही बोलले नाहीत, पण पहिले पंधरा दिवस मैदानाच्या फाटकापाशी गाडी घेऊन उभे राहायचे. आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "नातवंडं व्हायच्या वयात बाईमाणसानं पळावं का?"

मी तेव्हा गप्प बसले. नंतर कळलं, की आत्यांसारखा विचार मोठमोठ्या शिकलेल्या माणसांनीही केला होता. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर पळाल्या. त्या दमलेल्या बघून ठरवलं, की हे बायकांना झेपत नाही, आणि ती शर्यतच बंद केली. ती पुन्हा सुरू झाली १९६० मध्ये. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४ साली. पुरुषांची १८९६ पासून होती. आणि २०१६ मध्ये आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीला पोचली आणि दहावी आली. त्या शर्यतीत पाण्याच्या हौदावरून उड्या माराव्या लागतात. प्यायच्या पाण्याला टँकर बघणाऱ्या आपल्या तालुक्याची पोर ती. मी हे आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती पोर आहे, तू कोण?" बरोबरच होतं त्यांचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा माझे बूट दाराबाहेरून आत आणून ठेवलेले होते, रात्री कुत्र्यानं पळवू नयेत म्हणून.

शेवटचं आणि महत्त्वाचं. सुरू करणं सोपं, टिकवणं अवघड. मी ३० मिनिटांपर्यंत पोचले. आमच्या मैदानाची फेरी २०० मीटरची, मी १८ फेऱ्या मारायला लागले. आणि पंधरा दिवसांत आत्या न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, दवाखाना, मग घरी उठवणं-बसवणं. नऊ आठवडे मी मैदान पाहिलं नाही.

नंतर एक दिवस गेले. चौथ्या मिनिटाला दम संपला. तिथंच कट्ट्यावर बसले आणि रडले. सोळा आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली, असं वाटलं. पहिल्या दोन वेळा मी इथंच सोडलं होतं. पळणं सुटतं ते थकल्यानं कमी आणि या कट्ट्यावर जास्त. आपल्याला वाटतं, खंड पडला म्हणजे मोडलं. पण बाईच्या आयुष्यात खंड पडणारच. सुगी येते, लगीनसराई येते, पोरांची परीक्षा येते, कुणीतरी आजारी पडतं. जे खंडाशिवाय टिकेल तेच खरं म्हटलं, तर आपलं काहीच टिकायचं नाही. म्हणून मी वही काढली आणि तिसऱ्या आठवड्यापासून पुन्हा धरलं. या वेळी ३० मिनिटांना सहाच आठवडे लागले. शरीर विसरत नाही, फक्त रुसतं.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळते. वार ठरलेले: मंगळवार, गुरुवार, शनिवार. रोज सकाळी "जाऊ का नको" असा विचारच करायचा नाही, वार आला की जायचं. दुसरं, कंटाळा आला तर स्वतःला सांगायचं, बूट घालून दहाच मिनिटं जा, मग वाटलं तर परत ये. दहा मिनिटांनी परत आले, असं आजवर दोनदाच झालंय. तिसरं, पळाले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याचे खाडे लिहितो तिथंच, एक फुली मारायची. दुधाचे खाडे आपण पैसे कापायला लिहितो. माझ्या खाड्यांचे पैसे कुणी कापत नाही. पुढच्या वाराला जायचं, एवढंच.

गेल्या महिन्यात साखर तपासली. ५.८ आली. मॅडम म्हणाल्या, जेवण आवरलंत, पळताय, दोन्हीचा गुण आहे, पण सोडलं तर पुन्हा चढेल. म्हणजे मी अजून उंबऱ्यावरच आहे. पण आता तोंड अंगणाकडं आहे.

उद्या मंगळवार. सकाळी साडेपाचला आम्ही शाळेच्या फाटकापाशी असतो. मी, मेडिकलवाल्या वहिनी आणि आशाताई. तिघी मिळून जातो, म्हणजे अंधाराची आणि कुत्र्यांची भीती वाटत नाही. रस्त्यानं येणार असाल, तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं या आणि फिक्या रंगाचं काहीतरी घाला. पळायला येत नाही म्हणून लाजू नका. आम्ही इतक्या हळू पळतो, की अख्ख्या गावाच्या बातम्या तोंडी होतात. एक मिनिट पळू, दीड मिनिट चालू. बूट नसले तरी पहिल्या दिवशी चालायला या.

आणि साडेसातच्या आत घरी सोडते. आठला मलाही गिरणी उघडायची असते.